टाकीतल्या गप्पी आणि त्रिनिदादच्या गप्पी

प्रश्न : नमस्कार. डासांसाठी पालिकेचे लोक आमच्या सोसायटीच्या टाकीत गप्पी मासे सोडून गेले, त्यातले चार-पाच मी घरी आणले. दोन वर्षांत भरपूर पिल्लं झाली पण आता एक आजारी पडला की सगळेच पटापट मरतात. आपसातच ब्रीडिंग झाल्यामुळे इम्युनिटी गेली असं मित्र म्हणतो. मग जंगलातल्या ओढ्यात अडकलेले थोडेसे मासे कसे टिकतात हो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राचं म्हणणं बरोबर असू शकतं, पण आधी पाणी बदलता का ते बघा, निम्म्या केसेस तिथेच सुटतात :) तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र गप्पीच्याच माहेरी मिळतं. हा मासा मूळचा त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरचा आणि आसपासचा, 1866 साली तिथून नमुने लंडनला पाठवणारे गृहस्थ गप्पी आडनावाचे म्हणून हे नाव, गप्पांशी काही संबंध नाही.

तिथे अरिपो नावाची नदी आहे. धबधब्यांच्या वर गप्पींची छोटी वस्ती, खाली मोठी. 2006 साली छापून आलेल्या अभ्यासात जेनेटिक हिशेबाने वरची वस्ती साधारण 100 माशांइतकी आणि खालची 2400 इतकी निघाली. आता 100 च्या वस्तीत बाहेरून कोणी आलंच नाही तर दर पिढीला जीन्समधली अर्धा टक्का विविधता नुसत्या नशिबाने गळते, म्हणजे 200 पिढ्यांत एक तृतीयांशाहून थोडीच जास्त उरते. आणि गप्पीच्या वर्षाला दोन-तीन पिढ्या सहज होतात, तेव्हा शंभरेक वर्षांत बहुतेक विविधता गायब. डीएनएच्या इतर भागांत वरच्या माशांची विविधता खरंच कमी होती. पण एमएचसी नावाच्या इम्युनिटीच्या जीन्समध्ये ती जवळपास खालच्या माशांएवढीच!

हे जीन्स करतात काय, तर घुसलेल्या जंतूचा तुकडा कॉलर धरून संरक्षक पेशींसमोर उभा करतात. प्रत्येक व्हर्जनला ठरावीकच तुकडे धरता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे दोन वेगळी व्हर्जन्स तो जास्त चोर पकडतो. दुसरी गंमत मला जास्त आवडते. गप्पीच्या अंगावर गायरोडॅक्टिलस म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी किडा आकड्यांनी चिकटतो, त्याच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात आधीच पुढचं पिल्लू तयार असतं, त्यामुळे तो सुसाट वाढतो आणि पटापट बदलतो. बदलताना तो जे व्हर्जन बहुतेक माशांकडे आहे त्यालाच चुकवायला शिकतो, कारण फायदा तिथेच. मग दुर्मिळ व्हर्जनवाला मासा वाचतो, त्याची पिल्लं वाढतात, पुढे तेच व्हर्जन कॉमन झालं की किडा त्याच्या मागे लागतो. त्यामुळे कुठलंच व्हर्जन सगळी वस्ती व्यापत नाही आणि दुर्मिळ झालेलं सहसा पुसलंही जात नाही. म्हणजे बघा, ज्या किड्याने मासे मरतात त्याच्याचमुळे ही विविधता टिकते. 2018 च्या एका प्रयोगात परक्या वस्तीतली, किड्याने कधी न पाहिलेली व्हर्जन्स गप्पींमध्ये आणली, त्यांना लागण खरंच कमी झाली.

मादीचाही हातभार लागतो. तिला वेगळ्या, कमी दिसणाऱ्या रंगाचा नर आवडतो आणि एकाच खेपेच्या पिल्लांचे बाप अनेक असू शकतात. पण वस्ती फारच लहान झाली तर नशीबच जिंकतं, गेलेलं व्हर्जन नैसर्गिक निवड परत आणू शकत नाही.

तुमच्या टाकीची सुरुवातच चार-पाच माशांनी झालीये, तिथे जे आलंच नाही ते टिकणार कुठून. दुसऱ्या गावच्या कोणाकडून चार-सहा गप्पी आणा, पण दोन-तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून मगच सोडा, नाहीतर नवीन जीन्सबरोबर नवीन किडाही घरात येईल. पंख मिटून बसतात का, अंग घासतात का ते बघत राहा. आणि जास्त झालेली पिल्लं नदी-ओढ्यात सोडू नका प्लीज, आपल्याकडचे देशी मासे आधीच अडचणीत आहेत.