नववीच्या मुलांना सर्जनशील विचार आणि उद्योजकता शाळेत शिकवता येते का?

तुम्ही लिहिलंय की सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात नववीला शिकवता, आठवड्याला एकच मोकळा तास मिळतो, त्यासाठी पैसे नाहीत, आणि मुलांना "काहीतरी नवीन सुचवा" म्हटलं की अख्खा वर्ग गप्प बसतो. मी तासगाव तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. माझं उत्तर आहे, शिकवता येते. मात्र "सुचवा" म्हणून कुणालाच सुचत नाही, मोठ्यांनाही नाही. मुलांना आधी कुणाची तरी अडचण ऐकायला पाठवा आणि शेवटी अशा गिऱ्हाइकापुढे उभं करा, जे त्यांना तोंडावर "नको" म्हणू शकेल. मधलं पुष्कळसं ती आपणहून करतात.

यासाठी नवा उपक्रम काढायची गरज नाही. तुमच्याकडे बाल आनंद मेळावा किंवा बाजार भरतच असेल. पोरं भेळ, इडली, सरबत मांडतात, गुरुजी आणि पालक कौतुकानं विकत घेतात, तासाभरात सगळं संपतं आणि "अमुक इतका नफा झाला" म्हणून टाळ्या वाजतात. माझी तक्रार या नफ्याबद्दल आहे, कारण तो खरा नसतो. आमच्याकडे एका गटानं 700 रुपयांची भेळ विकली. साहित्य 420 चं, म्हणून नफा 280. मी फळ्यावर तोच हिशेब पुन्हा मांडायला लावला. गॅस कुणाचा? 40 रुपये धरा. कांदा-टोमॅटो चिरायला, चिंचेचं पाणी करायला कोण बसलं होतं? आई. गावात बाईची दिवसाची हजेरी 300 होती, आईचा अर्धा दिवस गेला, म्हणजे 150. उरले 90. मग गटातल्या चौघांनी स्वतःची मेहनत धरायची ठरवली आणि हिशेब तोट्यात गेला. वर्गात जी चर्चा पेटली ती मला धड्यातून कधीच पेटवता आली नसती. कुणी म्हणालं भाव वाढवू, कुणी म्हणालं मग कोण घेईल, एक जण म्हणाला चिरायचं काम कमी असलेला पदार्थच का करू नये. हाच उद्योजकतेचा विचार, आणि तो शेकडा नफा-तोट्याच्या गणितातून निघाला.

म्हणून बाजार ठेवा, फक्त नियम बदला. घरच्या माणसाच्या कष्टाची किंमत खर्चात धरायचीच. शाळेच्या आवारात विकायचं नाही, गावच्या आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडबाहेर विकायचं, कारण तिथं कुणी कौतुकानं पाकीट उघडत नाही. मुलं गटानं जातील आणि जवळ एक शिक्षक उभा असेल एवढं मात्र पाहा. आणि उरलेला माल गटाचा, शाळेनं विकत घेऊन त्यांना सोडवायचं नाही.

भांडवलाचं विचारलंत. एका गटाला 200 रुपयांच्या वर देऊ नका, असतील तरीही. सरस सरस्वती या मूळच्या भारतीय संशोधिकेनं अमेरिकेत 27 मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास केला आणि 2001 साली त्याबद्दल लिहिलं. ही माणसं आधी मोठं ध्येय ठरवून मग साधनं शोधत नाहीत, असं त्यात दिसलं. मी कोण, मला काय येतं, मला कोण ओळखतं, इथून ती सुरुवात करतात, आणि किती मिळेल यापेक्षा किती बुडालं तर सोसेल हे आधी ठरवतात. आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हे चटकन समजतं. घरात द्राक्षबागेच्या नाहीतर आल्याच्या पिकाच्या निमित्तानं हेच बोलणं त्यांनी ऐकलेलं असतं. शाळेत त्याला जागा मिळालेली नसते एवढंच.

आता सर्जनशीलतेकडे येतो. वर्ग गप्प बसतो, कारण प्रश्न हवेत असतो. मी ठिबकची जुनी नळी वर्गात नेतो. आमच्याकडे ती बांधाबांधावर पडलेली असते. तिचे वीस उपयोग लिहा म्हणतो. पहिले सहा-सात सगळ्यांचे सारखे येतात, दोरी, कुंपण, झाडाला आधार. मग पाच मिनिटं कुणाला काही सुचत नाही. इथं बहुतेक शिक्षक तास आवरता घेतात. तुम्ही थांबा. नंतर खरं काहीतरी यायला लागतं. पीटीच्या तासाला कड्या, वायर झाकायचं आवरण, आणि एका मुलानं सांगितलं की शेळीच्या दाव्यावर नळी चढवली तर मान कापत नाही. त्याच्या घरी शेळ्या होत्या म्हणून त्याला ते दिसलं. या मुलाला गणितात जेमतेम गुण पडतात, त्या दिवशी मात्र वर्ग त्याच्याकडे वळून बघत होता.

पण वर्गातल्या या खेळावर थांबू नका, बाहेर पाठवा. आम्ही बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. मुलांना एकच ताकीद दिली. "तुम्हाला काय बनवून देऊ?" असं विचारायचं नाही, तसं विचारलं की माणूस मनाला येईल ते सांगतो. "काल काम करताना कुठं अडलं?" एवढंच विचारायचं. निवड करणाऱ्या मावशी म्हणाल्या, संध्याकाळी डोळे दुखतात, काळपट बेदाणा आणि काडी ओळखू येत नाही. मुलांनी परत येऊन आधी दिवे, बॅटऱ्या असलं खर्चाचं सुचवलं. मग एका मुलीला वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आठवले, त्यांची मागची बाजू पांढरी असते. तो धुऊन, उलटा अंथरून त्यावर निवड केली तर माल उठून दिसतो. कडा शिवून त्यांनी 60 रुपयांना विकायला नेला. शेडमालक म्हणाले, "फ्लेक्स मीच आणीन की, तुम्हाला पैसे कशाला?" पोरांची तोंडं उतरली. मी काहीच बोललो नाही. पुढच्या आठवड्यात त्याच गटानं कडेला काडी-कचरा टाकायचा खिसा शिवून नेला. मालकांनी दोनच घेतले, पण पैसे मोजून घेतले.

नकाराची गोष्ट सांगायला लांब जायची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत, तो नांगर खपायला फार वेळ लागला. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तुमच्या साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ हेच नांगर विकत गावोगाव फिरले होते. 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढं "कमवा आणि शिका" रुजवलं. मुलांना त्यांचा फोटो माहीत असतो, नांगर विकणारे भाऊराव माहीत नसतात. ते जरूर सांगा. मिरजेचे तंबोरे करणारेही मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम घटलं आणि त्याच घराण्यांतले हात वाद्यांकडे वळले.

खटाव-माणकडची किंवा इकडची विटा-आटपाडीची मुलं वर्गात असतील तर त्यांच्या नात्यात कुणीतरी गलाईवाला नक्की निघेल. सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन ही माणसं देशभर पसरली, भाषा येत नसलेल्या गावात दुकान थाटून बसली. एका तासाला मामा-काकाला फोन लावा, स्पीकरवर टाका आणि मुलांना विचारू द्या, पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं. भाषण देणारा पाहुणा बोलावण्यापेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

गुणांबद्दल म्हणाल तर मी वस्तूला किंवा कल्पनेला गुण देत नाही. वही तपासतो. कुणाला विचारलं, तो नेमकं काय म्हणाला, त्यानंतर तुम्ही काय बदललं, आणि हिशेब. माल खपला नाही पण वही प्रामाणिक आहे, अशा गटाला पूर्ण गुण मिळतात, आणि हे मी पहिल्याच दिवशी जाहीर करतो.

पालक म्हणतील, अभ्यास सोडून हे काय धंदे. आमच्याकडेही म्हणाले. वाद घालू नका, पालकसभेत त्या हिशेबाच्या वह्या हातात द्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे धाकट्या वर्गांसाठी वेळ मागायलाही तुमच्याजवळ आधार आहे. नववीसाठी तुमचा तो एक तास सध्या पुरे. पहिल्या महिन्यात फक्त नळीचा तास आणि एक भेट एवढंच करा, बाजार दिवाळीनंतर.