खाडीच्या तोंडावर धरण बांधलं तर समुद्राच्या लाटा ते टिकू देतील का?

तुम्ही विचारलंय की गगनबावड्याचा पाऊस घाट उतरून कोकणात जातो नि समुद्राला मिळतो, तो खाडीच्या तोंडाशीच अडवला तर. अडवता येतो, जगात अडवलाय पण. फक्त आपल्या राधानगरी धरणाचं गणित तिथं चालत नाही.

राधानगरीत एका बाजूला पाणी, दुसरीकडं कोरडं, त्यामुळं भिंतीनं पेलायचा तो पाण्याचा दाब. समुद्रातल्या बांधाला दोन्हीकडनं पाणी, पातळीत फरक थोडाच, तोही भरती-ओहोटीबरोबर बदलणारा. खरा त्रास लाटेचा. मी कोल्हापूरच्या आसपास तलावांच्या पिचिंगची, म्हणजे बांधाच्या उतारावर दगड बसवायची, कामं केलीयत म्हणून सांगतो, लाट आपटते तेवढंच लोकांना दिसतं, पण ती माघारी जाताना बाहेरचं पाणी झटकन उतरतं आणि भरावात शिरलेलं पाणी मागं राहतं, मग ते दगडाला आतनं बाहेर ढकलतं आणि जाताना फटीतनं बारीक माती घेऊन जातं, एकदा माती गेली की वरचा दगड खचतो, शेजारचा सुटतो, आणि तिथनं भगदाड पडतं. म्हणून नुसता मोठा दगड टाकून भागत नाही, खाली वाळू, खडी, लहान दगड असा थराथरानं फिल्टर लागतोच लागतो.

वरच्या दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणं वाढतं, लाट दुप्पट तर दगड आठपट जड. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात वाऱ्याला पळायला जागाच नाही म्हणून लाट बारकी, समुद्रात वारा शेकडो किलोमीटर पाणी ढकलत येतो. तेवढा दगड खाणीत मिळत नाही, मग मरीन ड्राइव्हला दिसतात तसले चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड टाकतात.

हॉलंडनं 1932 ला 32 किलोमीटरचा बांध घालून समुद्राचा तुकडाच तोडला, तळ वाहून जाऊ नये म्हणून खाली झुडपांच्या फांद्या विणून चटया अंथरल्या, आत आता गोड्या पाण्याचं तळं आहे. हाँगकाँगनं 1968 मध्ये प्लोव्हर कोव्हला सुमारे 2 किलोमीटरचं धरण बांधलं, आतलं खारं पाणी उपसून काढलं नि गोडं भरलं.

पण कोरियातल्या सिह्वाचं ऐका. 1994 ला समुद्र बंद केला, बांध लाटांना पुरून उरला, आतलं पाणी मात्र कारखान्यांच्या नि वस्त्यांच्या सांडपाण्यानं नासलं, शेवटी परत समुद्राचं पाणी आत घ्यावं लागलं आणि 2011 पासनं तिथं भरतीवर वीज करतात. म्हणून तुमच्या खाडीचं मला कुणी विचारलं तर मी लाट मोजायच्या आधी नदीच्या वरच्या अंगाला जाऊन कुठल्या गावाचं गटार कुठं मिळतंय ते बघून येईन.