केनियाला जायचंय म्हणते, समजावा तिला

लातूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी भूशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, 61 टक्के. भूजलात एमएस्सी करून केनियाच्या दुष्काळी भागात काम करायचं म्हणते. "बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला, तेव्हापासून घरात बोलत नाही. तिकडे बोअर मारायला आपलीच मुलगी कशाला? तिला समजावा."

मी तिला समजावणार नाही. मला 61 टक्क्यांची काळजी नाही, तिच्या अबोल्याची आहे. तिला न विचारता तुम्ही फी भरलीत आणि ती का बोलत नाही हे मला विचारताय. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ती शाळेत होती. पाण्याचा विषय तिच्या डोक्यात कुठून आला, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

आता बोअरचं. केनियातल्या तुर्काना भागात जमिनीखाली पाण्याचा प्रचंड साठा सापडल्याचं 2013 मध्ये तिथल्या सरकारनं आणि युनेस्कोनं जाहीर केलं. पुढे तिथल्या लोटिकिपी खोऱ्यातलं ते पाणी तपासलं, तर पिता येणार नाही इतकं खारट निघालं. पाणी गोड आहे का, उपसू तेवढं पुन्हा मुरेल का, हे सांगणारा माणूस आधी लागतो, बोअरची गाडी नंतर. त्याच देशात मचाकोस, कितुईकडे हंगामी नद्यांच्या पात्रात खडकावर भिंत बांधतात. पुराची वाळू भिंतीमागे साचते, पाणी त्या वाळूत टिकतं, उन्हानं फारसं उडून जात नाही आणि कोरड्या महिन्यांत उपसता येतं. भिंतीची जागा चुकली तर सगळी मेहनत वाया. जागा ठरवायला खडक ओळखता यावा लागतो, आणि तुमची मुलगी तेच शिकतेय. आफ्रिकेत अनेक गावांत चालणारा इंडिया मार्क टू हातपंप तर आपल्या सोलापूरच्या पंपावरून घडलाय.

वाट सरळ आहे: जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं, म्हणजे तुम्हाला हवी ती सरकारी नोकरीही याच वाटेवर आहे.

मुलीलाही एक सांगतो. बाळ, एमएस्सी झाल्या झाल्या केनिया नको. त्यांच्याकडे त्यांचे भूजलतज्ज्ञ आहेत, नवख्या पदवीधरासाठी कुणी खोळंबलेलं नाही. आधी दोन वर्षं मराठवाड्यात विहिरींची पातळी मोज, गावकऱ्यांशी पाण्याच्या वाटपावर बोलायला शीक. मग जा.

आणि बाबा, क्लासची फी परत मिळते का बघा. नाही मिळाली तरी क्लास थांबवा. पुढचं पत्र तिला लिहू द्या.