२०१२ मधल्या नायकांच्या दहा सर्वोत्तम भूमिका क्रमाने सांगाल का? विक्रम गोखल्यांना कुठे ठेवाल?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इरफान पहिला हे तर ठरलेलंच आहे, आणि ‘अनुमती’साठी विक्रम गोखल्यांना राष्ट्रीय पुरस्कार विभागून दिला तो ज्येष्ठतेचा मान म्हणून असावा. दहा नावं नंतर बघू. आधी हा ‘मान म्हणून’चा विषय मिटवू, कारण गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी ऐकतोय आणि ते बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ‘अनुमती’ पाहिलेलाच नसतो.

६० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून दोन नावं जाहीर झाली, ‘पानसिंग तोमर’साठी इरफान खान आणि ‘अनुमती’साठी विक्रम गोखले. कथापट विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बासू चटर्जी होते. विभागून म्हणजे अर्धा-अर्धा, असा अर्थ लोक परस्पर लावतात. त्याआधी दोनच वर्षं, ५८ व्या पुरस्कारांत धनुष आणि सलीम कुमार यांना असाच एकत्र पुरस्कार मिळाला होता. इरफान-गोखल्यांच्या पुढच्याच वर्षी, ६१ व्या पुरस्कारांत, राजकुमार राव आणि सुरज वेंजारमूडू यांना मिळाला. आणि ५८ व्याच्याही कितीतरी आधी अजय देवगण आणि मामूट्टी. यातल्या कोणाला ‘अर्धा’ मिळाला असं कोणी म्हणत नाही. मराठी नाव आलं की मात्र आपल्याच लोकांना तो वशिला किंवा सांत्वन वाटतं.

आता यादी लावायची पद्धत, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं.

पहिली चूक सालाची. राष्ट्रीय पुरस्कारांत वर्ष मोजतात ते सेन्सॉर प्रमाणपत्रावरून, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. फिल्मफेअरसारखे पुरस्कार प्रदर्शनाची तारीख धरतात. ‘पानसिंग तोमर’ २०१० मध्येच लंडनच्या महोत्सवात दाखवला गेला होता, आपल्याकडे थिएटरात लागला २ मार्च २०१२ ला. ‘अनुमती’ २०१२ च्या पुरस्कारांत आहे, पण लोकांनी तो थिएटरात पाहिला २०१३ च्या जूनमध्ये. म्हणजे प्रदर्शनाच्या तारखा धरून यादी केली तर गोखले आपोआप गळतात आणि मग लोक म्हणतात, ‘त्या वर्षीच्या चर्चेत तर ते नव्हतेच.’ नसणारच. एक पद्धत धरा आणि ती शेवटपर्यंत पाळा. मी इथे प्रमाणपत्राचं वर्ष धरलंय.

दुसरी चूक, क्लिपा बघून क्रम लावणं. तीन मिनिटांच्या क्लिपेत रडणं आणि ओरडणं चांगलं दिसतं. भूमिका मोजायची असेल तर सिनेमा दोनदा बघायचा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा तीन जागा निवडायच्या: त्या माणसाचा पहिला प्रसंग, साधारण मधला एक साधा प्रसंग (जेवण, प्रवास, काहीही) आणि शेवटचा. या तिन्ही जागा प्रत्येकी दहा मिनिटं आवाज बंद करून बघायच्या. संवाद गेले की लेखकाचं श्रेय बाजूला होतं, पार्श्वसंगीत गेलं की संगीतकाराचं. उरतं ते नटाचं आणि संकलकाचं. शिवाय समोरचा बोलत असताना हा काय करतो ते बघायचं. ऐकणं ज्याला येत नाही त्याला पहिल्या पाचात घेऊ नये.

तिसरी चूक मोठी आहे. बदललेलं शरीर, शिकलेली बोली, अपंगत्व, टक्कल, वजन यांना थेट गुण देणं. ही तयारी आहे. तयारी दिसली म्हणजे भूमिका झाली असं नाही.

हे सगळं इरफानवर लावून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. पानसिंग म्हणजे फौजेतला धावपटू, स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता, पुढे बंदूक घेऊन बागी झालेला. ही शर्यत ३००० मीटरची, तिच्यात २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाणी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि साध्या हर्डलसारखा धक्का लागून पडत नाही, तो पक्का असतो. पाण्यावरच्या अडथळ्यावर बहुतेक धावपटू एक पाय टेकवून पुढे झेपावतात आणि पाण्यात उतरतानाही वेग जाऊ देत नाहीत. इरफानने चाळिशी ओलांडल्यावर विशीतला फौजी धावपटू केला, आणि लोक कौतुक करतात ते याचं. पण आवाज बंद करून बघितलं की खरं काम दुसरीकडे दिसतं. आइस्क्रीम वितळायच्या आत साहेबांच्या घरी पोचवायला निघालेला तो फौजी आणि म्हातारपणी पत्रकारासमोर बसलेला बागी, या दोघांची मान बघा. फौजी प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, मान पुढे, खुराक जास्त मिळतो म्हणून खेळात आलो हेही लाज न बाळगता सांगणारा. बागी प्रश्न पूर्ण होऊ देतो. ब्रिजेंद्र कालाने केलेला तो घाबरलेला पत्रकार त्याला डाकू म्हणतो, आणि हा आवाज न चढवता शब्द दुरुस्त करतो, बागी. रागाने म्हटला असता तर वाक्य टाळ्यांचं झालं असतं. तो ते फौजेतला माणूस नाव-हुद्दा दुरुस्त करतो तसं म्हणतो.

आणि पुढे जुने कोच त्याला शरण ये म्हणून सांगायला येतात तो प्रसंग. शर्यत एकदा सुरू झाली की पूर्ण करायची असते, हे तुम्हीच शिकवलं, असं तो त्यांना सांगतो. तिथे इरफान परत त्या विशीतल्या पोरासारखा उभा राहतो, गुरूसमोर उभं राहतात तसा. हातात बंदूक असलेला माणूस क्षणभर शिष्य होतो. संहितेत संवाद आहे, उभं राहणं त्याचं आहे.

हे सगळं मान्य करून आता गोखल्यांकडे या.

गजेंद्र अहिरेंच्या ‘अनुमती’त ते निवृत्त शिक्षक आहेत. पत्नी, म्हणजे नीना कुळकर्णी, बेशुद्ध, यंत्रांवर. पैसे संपत आलेत. मुलगा व्यवहार सांगतो, डॉक्टर कागद पुढे करतात, उपचार थांबवायला सही हवी आहे. हा सही करत नाही आणि पैसे उभे करायला बाहेर पडतो. एवढीच गोष्ट. नटाच्या बाजूने विचार करा. धावायला मैदान नाही, बंदूक नाही, बोलीचा आधार नाही, तरुणपण-म्हातारपण असा मोठा पल्ला नाही. ज्या व्यक्तीवर सगळा सिनेमा उभा आहे ती वर्तमानातल्या प्रसंगांत समोर असून प्रतिसाद देत नाही. अभिनयात निम्मं काम समोरच्याच्या प्रतिक्रियेवर चालतं. इथे ते निम्मं गायब आहे, आणि दोघांचं नातं एकट्याने दाखवायचं आहे.

आता ‘पॉज’चा मुद्दा. गोखल्यांवरची सगळ्यात जुनी टीका हीच, की ते रंगभूमीचे नट, प्रत्येक वाक्यात थांबतात, नजर रोखतात, कॅमेऱ्यासमोर ते जास्त होतं. काही मालिका-सिनेमांबद्दल हे खरंही आहे. जिथे पात्र रुबाबदार असतं तिथे त्यांचा पॉज हुकमाचा असतो: मी थांबलोय, तुम्ही थांबा. ‘अनुमती’त तोच पॉज उलटा वापरलाय. पैसे मागायचे आहेत आणि शब्द फुटत नाही, म्हणून थांबणं. आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस मागण्याचं वाक्य सुरू करतो आणि अडतो. थांबण्याची लांबी तीच असेल, पण आधी त्यातून अधिकार यायचा, इथे त्यातून अधिकार जातो. एका नटाने आपली सगळ्यात ओळखीची लकब अशी मोडून वापरणं मला इरफानच्या धावण्याइतकंच अवघड वाटतं. रंगभूमीवरून आलेला नट कॅमेऱ्यासमोर मोठाच होतो असं म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा आवाज बंद करून बघावा. चेहरा फारसा हलतच नाही.

एक सांगायचं राहिलं. हे पुरस्कार दिले गेले ३ मे २०१३ ला, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला त्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. गोखल्यांच्या आजी कमलाबाई आणि पणजी दुर्गाबाई कामत या दोघी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या, भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया. याचा भूमिकेच्या गुणांशी संबंध नाही, तरी ‘मान म्हणून दिला’ म्हणणाऱ्यांना निदान घराणं माहीत असावं.

तर क्रम. पहिला क्रमांक इरफान आणि गोखले, दोघे. इरफानने पल्ला दाखवला, गोखल्यांनी खोली, आणि या दोन गोष्टी एका फुटपट्टीने मोजता येत नाहीत. परीक्षकांनी बरोबर केलं.

तिसरे सचिन खेडेकर, ‘काकस्पर्श’. ही भूमिका यादीत नसेल तर यादीच बाद. भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, हरी दामले पुढे होऊन काहीतरी पुटपुटतात, आणि कावळा शिवतो. काय पुटपुटले ते प्रेक्षकाला शेवटी कळतं. म्हणजे नटाला जवळजवळ अख्खा सिनेमा असं काहीतरी मनात धरून करायचाय जे समोर कोणाला माहीत नाही. यात नेहमी बिघडतं ते असं की नट सारखी सूचना देत राहतो, सूचक नजर टाकतो आणि गुपित अर्ध्यातच फुटतं. खेडेकर ते करत नाहीत. पहिल्यांदा बघताना भावाची विधवा उमा हिच्याबद्दलची त्यांची वागणूक कर्ता पुरुष म्हणून पटते, दुसऱ्यांदा बघताना तीच प्रत्येक प्रसंगात शपथ म्हणून पटते. दोन्ही अर्थ एकाच चेहऱ्यावर बसतात. दुसऱ्यांदा बघाच, त्याशिवाय ही भूमिका कळत नाही.

चौथा नवाजुद्दीन, ‘गँग्ज ऑफ वासेपूर’चा फैजल. बदल्याचा संवाद सगळ्यांना पाठ आहे. मला तो हुमा कुरेशीचा हात धरतो आणि ती परवानगी घ्यायला हवी होती म्हणून सुनावते तो प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे ज्याला धनबाद घाबरणार आहे तो पोरगा रडकुंडीला येतो, आणि हसू येतं तरी त्याची कीव येत नाही. त्या वर्षीच्या कामासाठी त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता, त्यात ‘कहानी’ आणि ‘तलाश’ही धरले होते.

पाचवा रणबीर, ‘बर्फी’. फिल्मफेअर त्यालाच मिळालं. मूक विनोदाचे प्रसंग जुन्या मूकपटांची आठवण करून देतात, तिथे मी फार गुण देणार नाही. गुण आहेत ते एका जागी: बर्फीला ऐकू येत नाही; त्याच्यावर जीव असलेल्या दोघींतली झिलमिल मागून त्याच्या नावाने हाका मारते, दुसरीला, श्रुतीला, ऐकू येतं, त्याला नाही. सेटवर नटाच्या कानावर आवाज पडतच असतो. हाक आल्यावर डोळ्याची पापणी, खांदा, चालीचा वेग, काहीतरी हलतंच. त्याचं काही हलत नाही. बहिरेपण दाखवण्यात बहुतेक नट हातवाऱ्यांवर मेहनत घेतात, न ऐकण्यावर नाही.

सहावा मनोज बाजपेयी, ‘वासेपूर’मधलाच सरदार खान, फैजलचा बाप. त्याला वर न्यावं असं अनेकांना वाटेल. पहिल्या भागापुरतं बघितलं तर मलाही वाटतं. पण पाच तासांवर गेलेली ती गोष्ट एकच धरली तर शेवटी भार फैजलच्या खांद्यावर येतो.

सात ते दहा मी लावत नाही. तिथे जितेंद्र जोशीचा तुकाराम, ‘विकी डोनर’मधला आयुष्मान, ‘ओह माय गॉड’मधले परेश रावल, ‘शांघाय’मधला इमरान हाश्मी ही नावं येतील. यातल्या शेवटच्या नावाला लोक नाक मुरडतात, त्यांनी ‘शांघाय’ परत बघावा.

हे सगळं फक्त हिंदी आणि मराठीपुरतं आहे. दक्षिणेचे आणि बंगाली सिनेमे धरले तर क्रम नक्की हलेल. आणि आवाज बंद करून बघण्याची पद्धत संवादप्रधान भूमिकांवर थोडा अन्याय करते, परेश रावलांवर तर बराच. त्यांच्यासाठी उलट करा, डोळे मिटून ऐका.

‘अनुमती’ पाहिला नसेल तर आधी तो बघा, मग ‘पानसिंग’. या क्रमाने, कारण उलट बघितलात तर पहिली वीस मिनिटं तुम्हाला काहीच घडत नाहीये असं वाटेल.