हायस्मिथ वाचायला घेताय? मग रिप्लीपासून सुरुवात करा

थरारकथा लिहिणारी अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ वाचायचं ठरवलंत, फार छान वाटलं! 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५) आधी घ्या. रिप्लीच्या एकूण पाच कादंबऱ्या आहेत, पण बाकीच्या चार सध्या बाजूला ठेवा.

नवे वाचक हमखास एक चूक करतात. खुनी कोण, हे शोधत बसतात. इथे ते लपवलेलंच नाही. कथा तृतीयपुरुषी असली तरी आपण सतत टॉम रिप्ली या मुख्य पात्राच्याच डोक्यात असतो, आणि खरा थरार तिथेच आहे. पहिलंच पान बघा. बारमधून बाहेर पडलेला एक माणूस मागे येतोय, आणि टॉमला वाटतं, आता आपल्याला अटक होणार. प्रत्यक्षात तो माणूस असतो टॉमच्या ओळखीतल्या डिकीचे वडील, मुलाला इटलीहून परत आणण्यासाठी मदत मागायला आलेले. टॉम कसा आहे, हे त्या भीतीतूनच कळतं. ही पानं सावकाश वाचा, दोनदा वाचलीत तरी चालेल.

आणखी थोडंसं:
- सिनेमा आधी बघू नका. मागचं कव्हरही वाचू नका.
- सुरुवात संथ वाटली म्हणून पुस्तक सोडू नका. डिकीचे कपडे घालून टॉम आरशासमोर उभा राहतो, तिथवर तरी या.
- टॉम पकडला जाऊ नये असं वाटायला लागलं तर दचकू नका. लेखिकेला तेच हवंय.

लेखिकेचं चरित्र, समीक्षा वगैरे नंतर. पुढचं पुस्तक 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५०), तिची पहिली कादंबरी.