ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीनं 'लेट्स डान्स' हे गाणं फक्त पैशासाठी केलं का?

नाही, पैसा हे एक कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. 1977 ते 1979 या काळात प्रयोगशील संगीतकार ब्रायन ईनोला सोबत घेऊन त्यानं 'लो', 'हीरोज', 'लॉजर' हे चाकोरीबाहेरचे अल्बम केले. पुढं शीक या डिस्को बँडचा गिटारवादक आणि निर्माता नाईल रॉजर्स याच्याकडं त्यानं सरळ हिट गाणी मागितली, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर नव्या कंपनीशी मोठा करार झाला. 1983 चं 'लेट्स डान्स' अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडं पहिल्या नंबरवर गेलं. पण नीट कान देऊन ऐका, त्या नाचाच्या ठेक्यावर स्टीव्ही रे वॉनची अस्सल ब्लूज गिटार आहे! मी इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत गिटार शिकवतो. हे गाणं बसवताना चांगली तयार पोरंही रॉजर्सच्या तुटक स्ट्रोकपाशी अडतात, कारण वाजवण्यापेक्षा तारेवरचा दाब सोडून तिला गप्प करणं अवघड, आणि सगळी मजा त्या गप्प जागेतच आहे. घाईनं उरकलेलं काम असं नसतं. हां, नंतरच्या 'टुनाइट' (1984) आणि 'नेव्हर लेट मी डाऊन' (1987) बद्दल मात्र हा पैशासाठी केल्याचा आक्षेप मला मान्य आहे. त्या काळातल्या कामावर पुढं खुद्द बोवीही नाराज होता.