निळी पडलेली धार, हलणारी मूठ

प्रश्न : ताई, बेण्याचा आणि गुऱ्हाळाचा ऊस आम्ही घरचीच माणसं तोडतो. गेल्या हंगामात कोयता ग्राइंडरवर लावून आणला. धार झकास आली, पण कडेला निळसर पट्टा उमटला. आता एक-दोन सऱ्या तोडल्या की धार वळते. कोयताच हलका निघाला का? शिवाय पावसाळ्यात ठेवला की दरवर्षी गंजतो.
– एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली

दादा, कोयता हलका नाही, त्याचं पाणी, म्हणजे लोहाराने तापवून-विझवून दिलेला कडकपणा, उतरलंय. माझं माहेर लोहाराचं, भाता ओढतच मोठी झाले, त्यामुळे असा निळा पट्टा दिसला की जीव हळहळतो. लोहार पातं लाल करून विझवतो, तेव्हा ते कडक होतं पण ठिसूळही होतं. तो ठिसूळपणा काढायला त्याला पुन्हा बेताची ऊब देतात. त्या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. पिवळा साधारण २२० अंशांना दिसतो, निळा ३०० च्या आसपास. ग्राइंडरच्या चाकाखाली धारेची पातळ कड क्षणात त्याच्याही पुढे जाते आणि लोहाराची मेहनत वाया जाते. चाक फिरवणाऱ्याला ते जाणवतही नाही.

आधी तपासून घ्या. धारेवर जिथे निळं नाही तिथे कानस हलकेच चालवा, मग निळ्या जागी चालवा. चांगल्या जागी ती जेमतेम धरते, उतरलेल्या जागी लोखंड भसाभसा निघतं. पट्टा अरुंद असेल तर कानशीनेच तेवढा घासून काढा, बहुतेक वेळा आतलं पाणी शाबूत असतं. रुंद असेल तर लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी द्या. मात्र कोयता कशाचा घडवलाय हे त्याला आधी सांगा. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा असेल तर तेलात विझवलेला बरा. पाण्यात त्याला तडा जायची भीती असते.

यापुढे धार कानशीनेच लावा. कोयता घट्ट आवळून ठेवा, हातात जाड मोजा घाला. कानस पुढे जाताना कापते. परतताना दाबून ओढली तर तिचेच दात मरतात, म्हणून उचलून मागे घ्या. जुना उतार बदलू नका. एका बाजूने घासता घासता पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कंगोरा लागायला लागला की बाजू पालटा. शेवटी दगडाचे दोन-चार हात पुरेत.

ऊसतोडीत धार लवकर जाणारच. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते आणि खोडव्याचे कोंब जमिनीखालून जोमदार येतात. म्हणजे प्रत्येक घावाला माती आणि गोटे आलेच. म्हणून हंगामात एकदा मोठी धार काढण्यापेक्षा रोज जेवायच्या सुट्टीत कानशीचे थोडे हात मारा. पोलाद कमी झिजतं आणि दुपारनंतर मनगट भरून येत नाही.

गंजाचं मूळ पावसाच्याही आधीचं. पात्यावर वाळलेला उसाचा रस आंबतो आणि लोखंड खातो. संध्याकाळी कोयता धुवा, खडखडीत पुसा, तेलाचं बोट फिरवा. हंगाम संपला की गोणपाटात किंवा चामड्याच्या म्यानात गुंडाळू नका, दोन्ही ओल धरतात. तेल लावून कोरड्या खोलीत टांगा. गंज चढलाच असेल तर थोड्या रॉकेलमध्ये तारेच्या घासणीने निघतो. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी ओलं हळद-कुंकू पुसून पातं तेलवा. तसंच राहिलं तर नेमके त्या बोटांच्या जागीच डाग पडतात.

प्रश्न : कोयत्याला घरचं करडईचं तेल लावते. थोड्या दिवसांनी त्याचा चिकट थर होतो आणि धूळ बसते. तेलात भेसळ आहे का?
– एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

तेल शुद्धच असणार. करडईचं तेल हवेत सुकत जाऊन चिकट होतं, जवसाचं तर त्याहून लवकर. पात्याला खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावा. करडईचं तुमचं तेल फोडणीलाच राहू द्या, ते लोखंडावर घालवायचं नाही.

प्रश्न : मूठ उन्हाळ्यात हलते. आम्ही रात्रभर पाण्यात ठेवतो, तेवढ्यापुरती घट्ट होते. पक्का उपाय काय?
– एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

पाण्यात ठेवणं आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. लाकूड फुगतं म्हणून मूठ बसल्यासारखी वाटते. वाळलं की ती जास्तच ढिली होते, आणि मुठीच्या आत शिरलेलं टोक कोणाला न दिसता गंजून बारीक होतं. तुमच्याकडच्या पावसात तर ते वाळतही नाही. भर घावात मूठ सुटली तर पातं कुठे जाईल याचा नेम नसतो, शेजारच्या सरीत आपलंच माणूस वाकलेलं असतं.

मूठ काढा, टोकावरचा गंज घासा. टोक निम्म्याहून बारीक झालं असेल तर तो कोयता वापरू नका, लोहाराकडून नवं टोक जोडून घ्या. ठीक असेल तर भोकात राळेची पूड भरा. पात्याला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर धारेचं पाणी इथेही उतरेल. मग फक्त टोक तापवून आत दाबा, राळ वितळून थिजली की पकड बसते. तोंडाशी लोखंडी कडं हवंच, त्याशिवाय लाकूड चिरतं. मूठ नवी करायची असेल तर बाभळीची करा, पण लाकूड पुरतं वाळलेलं घ्या. ओल्या लाकडाची मूठ पहिल्याच उन्हाळ्यात हलते. मुठीला जवसाचं तेल चोळून दोन दिवस सावलीत ठेवा. पात्यावर नको असलेलं त्याचं सुकणं इथे कामाला येतं, ओल आत शिरणं कमी होतं.